मुलाला पहिली रायफल घेताना ब्रँड नको, आधी मुलाचं अंग बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की समर कॅम्पच्या जाहिराती सुरू होतात आणि त्याच्याबरोबर मला पालकांचे फोनही सुरू होतात, प्रश्न बहुतेक एकच, सर मुलगा नऊ वर्षांचा आहे, मुलगी दहा वर्षांची आहे, कुठली रायफल घेऊ? मी कोल्हापुरात लहान मुलांना एअर रायफल शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही, पण १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं तेव्हापासून हे फोन खूपच वाढलेत. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला बहात्तर वर्षं लागली आणि ते आपल्या जिल्ह्यातल्या पोराने आणलं, त्यामुळे लोकांना उत्साह येणारच, आला पाहिजे. पण त्या उत्साहात पोरांच्या हातात जे काय दिलं जातंय ते बघून वाईट वाटतं, म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करतो. स्वप्नीलने ज्या रायफलने मेडल घेतलं ती पॉइंट टू टू म्हणजे ५.६ मिमी नळीची स्मॉल बोअर, ते फायरआर्म आहे, त्यात दारूची गोळी असते, ती लायसन्सशिवाय घेता येत नाही आणि आर्म्स अॅक्टप्रमाणे एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. शूटिंग शिकणाऱ्या मुलांसाठी नियमात वेगळी सोय आहे पण ती रेंजवर, ट्रेनिंगमध्ये, देखरेखीखाली वापरण्यापुरती, पोराच्या नावावर बंदूक घेऊन घरात ठेवायची ती सोय नाही. तेव्हा "टू टू कुठली चांगली" हा प्रश्न आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी विचारूच नका. ती छोटी गोळी म्हणून लोक तिला हलक्यात घेतात, पण ती एक किलोमीटरच्या कितीतरी पुढे जाऊ शकते आणि तिथपर्यंत जाऊन माणसाला लागू शकते.

आपल्याकडे मुलाची पहिली रायफल म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन, ४.५ मिमीची एअर रायफल. २० जूलच्या आतली ताकद आणि ४.५ मिमीच्या आतली नळी असेल तर तिला लायसन्स लागत नाही, मात्र ती मोठ्या माणसाने स्वतःच्या नावावर, ओळखपत्र देऊन, पक्क्या बिलावर घ्यायची असते. दुकानात कधी कधी पॉइंट टू टूची एअर रायफल पण दाखवतात, जास्त पॉवरफुल आहे म्हणून गळ्यात मारतात. ती खेळासाठी काहीच उपयोगाची नाही. ऑलिंपिकमधला १० मीटर एअर रायफल इव्हेंट (१९८४ च्या लॉस एंजलिसपासून आहे) ४.५ मिमीवरच होतो, आणि त्यात पॉवर लागतच नाही, मॅच रायफलची पॉवर साधारण साडेसात जूलच्या आसपास असते. लागते ती अचूकता, कारण टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे, अर्ध्या! मुलांना पहिल्या दिवशी तो ठिपका दाखवला की ती एकदम गप्प होतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो. पालक विचारतात ब्रँड, मी विचारतो मुलाची उंची किती, वजन किती, हात केवढा, डोळा कुठला. मोठ्यांची मॅच रायफल साडेचार-पाच किलोची असते, नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालते. ती तीस किलोच्या मुलाच्या हातात दिली की ते मूल काय करतं बघा एकदा. स्टँडिंगमध्ये रायफलचं वजन मसलवर नाही तर हाडावर घ्यायचं असतं, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचा, कंबर थोडी टार्गेटकडे, आणि वरचं अंग किंचित मागे. पण रायफल जड आणि बट (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) लांब असली की मूल तोल सांभाळायला इतकं मागे वाकतं की पाठीचा सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. मोठे रायफल शूटर्ससुद्धा कंबरदुखीने हैराण असतात, हा आमच्या खेळाचा नेहमीचा आजार आहे, मग ज्याची हाडं अजून वाढतायत त्याला कशाला हे? "मोठा झाला की बसेल, सारखी सारखी कुठे घ्यायची" असं म्हणून पालक मोठ्यांचीच रायफल घेतात. शाळेचे बूट दोन साईज मोठे घेतले तर फारतर मूल अडखळतं, इथे चुकीची पोझिशन अंगात मुरते आणि ती नंतर काढायला वर्षं जातात, मी काढत बसलोय अशा पोझिशन्स म्हणून सांगतो.

माझ्या मते नऊ ते बारा वर्षांच्या मुलाची पहिली रायफल तीन किलोच्या आसपास असावी, साडेतीनच्या वर नको. जर्मन कंपन्या ज्युनिअर मॉडेल बनवतात, वाल्थर, फाइनवर्कबाऊ यांची आहेत, त्यांचा बट छोटा होतो, गालाची पट्टी वर-खाली होते, ग्रिप बारीक असते. पण ज्युनिअर लिहिलंय म्हणून डोळे झाकून घेऊ नका, मुलाला रायफल धरायला लावूनच ठरवा. मुलाला सरळ उभं करा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावू दे, मग डोळे उघडू दे. मान पुढे न ताणता, डोकं न वाकवता डोळा पीप साईटच्या (बारीक भोकातून नेम धरायची मागची साईट) मागे आला पाहिजे. मान कोंबडीसारखी पुढे गेली तर बट लांब आहे. ट्रिगरवर बोटाचं पहिलं पेर सहज पोचलं पाहिजे आणि बोट सरळ मागे आलं पाहिजे, ग्रिप जाड असली की बोट तिरकं ओढतं आणि शॉट डावीकडे-उजवीकडे पळतात, मग पालक म्हणतात रायफलमध्ये फॉल्ट आहे. आणि तशीच रायफल धरून अर्धा मिनिट उभं राहू दे. पोट पुढे यायला लागलं, खांदा वर चढला, नळी गोल गोल फिरायला लागली की ती रायफल आज त्या मुलाची नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळत असू दे.

डोळ्याचं तर कोणी बघतच नाही. बरीच मुलं उजव्या हाताने लिहितात पण त्यांचा मुख्य डोळा डावा असतो. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मध्ये छोटं भोक ठेवायचं, त्यातून लांबची एखादी वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याने वस्तू भोकातच राहते तो मुख्य डोळा. दोन मिनिटांचं काम आहे. हे न बघता उजव्या हाताची रायफल घेऊन टाकली आणि मूल डाव्या डोळ्याचं निघालं की मग डोळा झाकायच्या पट्ट्या लावत बसावं लागतं, ते चालतं पण पहिल्यापासून डाव्या हाताने शिकवता आलं असतं ना, लहान मूल आठवड्याभरात बदलतं. म्हणून सांगतो, डोळा तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता स्वस्तातल्या रायफलींबद्दल, कारण सगळ्यांकडे दोन-तीन लाख नसतात आणि बाहेरून येणारी चांगली मॅच रायफल साधारण तेवढ्याला पडते. बाजारात स्प्रिंगची, नळी मोडून म्हणजे मधून वाकवून कॉक करायची (स्प्रिंग दाबून तयार करायची) रायफल काही हजारात मिळते, जत्रेत फुगे फोडायला असते त्याच जातीची पण जरा बरी. शाळांच्या स्पर्धेत ओपन साईट (भोकाऐवजी उघड्या खाचेतून नेम धरायचा) हा गट असतो त्यासाठी बरीच मुलं हिच्यावरच सुरू करतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. ती कॉक करायला जोर लागतो, लहान मुलाला तो जमत नाही, मग ते रायफल मांडीवर, पोटावर टेकवून ओढतं, नळी हातातून सुटली आणि ट्रिगर दबला तर नळी झटक्याने वर येते आणि बोटं सापडतात. त्यामुळे कॉक कायम मोठ्या माणसाने करून द्यायची, नळी मोडलेली असताना ती एका हाताने घट्ट धरूनच ठेवायची. आणि दुसरं म्हणजे स्प्रिंगचा झटका पुढे-मागे असा दोन्हीकडे बसतो, त्यामुळे मुलाने शॉट बरोबर सोडला तरी टार्गेटवर तो कुठेही जाऊ शकतो, मग मुलाला आपलं काय चुकलं तेच कळत नाही. मूल सहा महिने टिकलं, त्याला गोडी लागली, तर पुढची रायफल पीसीपी म्हणजे सिलिंडरच्या हवेवर चालणारीच बघा. आता आपल्या देशातही पीसीपी बनतात, सुरुवातीला त्या चालतात.

सेकंडहँड घेणारे खूप आहेत आणि मी स्वतः पालकांना सेकंडहँडच घ्या म्हणतो, मूल दोन-तीन वर्षांत उंच होणारच आहे. पण इथे एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगतो. पीसीपीच्या सिलिंडरमध्ये २०० बार हवा असते, म्हणजे आपल्या मोटारीच्या टायरपेक्षा जवळजवळ शंभरपट दाब, आणि तो सिलिंडर मुलाच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो. सिलिंडरवर बनवल्याची तारीख ठोकलेली असते आणि मोठ्या जर्मन कंपन्या दहा वर्षांनी तो वापरातून काढा म्हणतात. रायफल चकचकीत असते, विकणारा म्हणतो एकदम कमी वापरलीय, आणि सिलिंडर पंधरा वर्षांचा निघतो. तारीख दाखवत नसेल तर तिथून उठून या. नवीन सिलिंडरची किंमत धरूनच सौदा करा. हवा भरायचं काम मुलाला करू देऊ नका, सिलिंडरच्या तोंडाला तेल-ग्रीस काहीही लावू नका, जास्त दाबाची हवा आणि तेल एकत्र आलं की भडका उडू शकतो, आणि आपल्याकडे कुठे काही घट्ट झालं की तेलाची बाटली काढायची सवय आहेच.

रायफलच्या आधी घ्यायच्या वस्तू मात्र कोणी विचारत नाही. सपाट तळाचे बूट, डाव्या हाताचा ग्लोव्ह, चांगल्या छऱ्यांचा एक डबा, बस. कडक जॅकेट-पँट पहिल्या वर्षी नकोच, माझं तरी हे ठाम मत आहे, कारण जॅकेट मुलाला उभं धरून ठेवतं आणि मुलाला वाटतं मी उभा आहे. ते मापाने शिवलेलं असतं, मूल वाढलं की गेलं, हजारो रुपये जातात. त्याऐवजी पोट-पाठीचे व्यायाम रोज पंधरा मिनिटं. आणि हो, छरे शिशाचे असतात. शिसं लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त त्रास देतं, तेव्हा रेंजवर खाऊचा डबा उघडायचा नाही, छरे तोंडात धरायचे नाहीत (धरतात, खरंच धरतात!) आणि साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांचेही मेसेज येतात, तिकडे दुकानात लहान मुलांच्या मापाची पॉइंट टू टू मिळते, छोटा बट, एका वेळी एकच गोळी, गुलाबी-निळ्या रंगात सुद्धा. शेजारी घेतायत, आम्ही घ्यावी का. मापाला बसणारी आणि एका वेळी एकच गोळी, हा विचार म्हणून बरोबर आहे, त्यात वाद नाही. पण २०१३ मध्ये केंटकी राज्यात काय झालं ते वाचा, पाच वर्षांच्या मुलाला भेट दिलेली अशीच रायफल घरात कोपऱ्यात उभी होती, आत गोळी राहिलीय हे घरच्यांना माहीत नव्हतं, आणि त्याची दोन वर्षांची बहीण गेली. रायफल मुलाच्या मापाची होती, पण ती कुलपात नव्हती. तिकडच्या चांगल्या क्लबांमध्येही लहान मुलं आधी पाच मीटरवर बीबी गन (बारीक गोल छरे मारणारी हवेची बंदूक), मग एअर रायफल अशीच पुढे जातात. जर्मनीत तर नेहमीच्या नियमाने बारा वर्षांच्या आधी एअर रायफल हातात देत नाहीत, स्मॉल बोअर चौदानंतर, आणि त्याहून लहान मुलांना छऱ्याऐवजी प्रकाशाचा किरण सोडणारी रायफल देतात, टार्गेट सेन्सरचं असतं, मूल उभं राहणं, श्वास, ट्रिगर सगळं शिकतं आणि नळीतून काहीच बाहेर येत नाही. अशा दोन-चार रायफली आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आल्या तर किती बरं होईल.

घरात एअर रायफल असेल तर तीही कुलपात ठेवा, छरे वेगळ्या कपाटात, किल्ली मोठ्यांकडे. लायसन्स लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही, छऱ्याने डोळा कायमचा जातो. रेंजवर आम्ही नळीत रंगीत दोरी घालून ठेवतो, ती सेफ्टी फ्लॅग, नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून, घरी पण तीच सवय ठेवा. आणि गच्चीवरून चिमण्या-कबुतरांवर, शेतात पोपटांवर छरे मारायला देणाऱ्या पालकांना सांगतो, एक तर तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि दुसरं, जिवंत प्राण्यावर नेम धरायला शिकलेल्या मुलाला मी रेंजवर घेत नाही. मग कोणी कितीही रागावू दे.

आता सरकारकडे आणि शूटिंगच्या संघटनांकडे मागणी. स्वप्नील घडला तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, तेजस्विनी सावंत याच कोल्हापुरात घडली आणि २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ ला कैरोत एअर रायफलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा अठरा वर्षांचा होता. अंजली भागवत कॉलेजात एनसीसीतून या खेळात आली. म्हणजे मूल आठ वर्षांचं असताना बापाने कर्ज काढून रायफल घेतलीच पाहिजे असं काही नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावं. पण पालक घेतात कारण रेंजवर मुलांच्या मापाची रायफलच नसते! जिल्हा क्रीडा संकुलात जा, असल्याच रायफली तर त्या मोठ्यांच्या, बट लांब, काहींचे सिलिंडर जुने. मुलाला पहिले सहा महिने रेंजवरचीच, मापाची रायफल मिळाली तर पालकांना आपोआप कळेल की मुलाला गोडी आहे की नाही आणि आहे तर कुठली रायफल बसते. पुण्याच्या बालेवाडीपासून आमच्या कोल्हापुरातल्या दुधाळीपर्यंत जिथे जिथे रेंज आहे तिथे निदान चार ज्युनिअर रायफली, त्यातली एक डावखुऱ्या मुलांसाठी, आणि सगळ्या सिलिंडरची वर्षातून एकदा तपासणी, तारखेची यादी भिंतीवर लावलेली, एवढं क्रीडा खात्याने करावं. एखाद्या तालुक्याच्या स्पर्धेतल्या मंडप-हारतुऱ्यांवर होतो त्या खर्चात यातलं बरंच बसेल.

जोपर्यंत ते होत नाही तोपर्यंत पालकांनीच एकमेकांना मदत करावी. मुलं मोठी झाली की ज्युनिअर रायफल कपाटावर जाते, भावनेपोटी कोणी विकत नाही, समजू शकतो मी ते. पण ती रेंजवर आणून द्या, तुमच्या नावानेच राहू दे, आम्ही नोंद ठेवू, सिलिंडरची तारीख बघू, आणि ज्या मुलाच्या मापाला बसते त्याला रेंजवर वापरायला देऊ. कॅम्प सुरू व्हायच्या आत हे पत्र छापलंत तर काही पालकांचे पैसे आणि काही मुलांच्या पाठी वाचतील.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर